बाबा पानं न बघता खेळायचे

व्हॅनच्या डाव्या अंगाला पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत ओरखडा उठला होता. बाबा म्हणाले, "उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलं." म्हणाले आणि चहा पीत राहिले. राग नाही, हळहळ नाही. जो माणूस त्या व्हॅनला रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतो, काचेवर कुणाचं बोट उमटलं तरी मागं वळून "कुणाचं रे हे?" म्हणून विचारतो, त्यानं एवढ्या मोठ्या जखमेबद्दल एवढंच बोलावं, हे माझ्या मनात काट्यासारखं राहिलं.

बाबा बालवाडीच्या मुलांची ने-आण करतात. सगळा गाव त्यांना ड्रायव्हर म्हणतो, मुलं आजोबा म्हणतात. त्या मुलांत माझी चिंगीही असते. पुढची सीट तिची. तिथे दुसऱ्या कुणी बसलं तर ती पायऱ्यांवर फतकल मारते आणि व्हॅन हलू देत नाही.

ओरखड्यानंतर थोड्याच दिवसांनी बालवाडीच्या फाटकापाशी एका मुलाच्या आईनं मला बाजूला घेतलं. "रागावू नका हं, पण तुमचे बाबा हल्ली गाडी अगदी कडेला घेत नाहीत. मुलं भर रस्त्यात उतरतात." मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "कडेला पाणी साचतं तिथं. बूट भिजवू का पोरांचे?" उत्तर तयार होतं. उत्तर बरोबरही होतं. बाबांची सगळीच उत्तरं बरोबर असतात.

आई असती तर तिनं एका नजरेत ओळखलं असतं. आई गेली आणि बाबांचा चेहरा वाचणारं माणूसच घरातून गेलं. मला तो कधीच वाचता आला नव्हता. तर प्रश्न एवढाच होता, की बाबा खरं बोलतात की नाही. आणि तो प्रश्न रोज सकाळी माझ्या मुलीला शेजारी बसवून, दार लावून, निघून जायचा.

सिस्टर मला पावाच्या दुकानात भेटल्या. त्या पूर्वी इस्पितळात वॉर्डाच्या सिस्टर होत्या. निवृत्त होऊन बराच काळ झाला, तरी कुणी त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारत नाही, आणि त्याही प्रत्येकाशी तो नुकताच ऑपरेशनमधून बाहेर आलाय अशाच आवाजात बोलतात.

"पोरी, रविवारी दुपारी काय करतेस?"

"धुणं."

"धुणं काय पळून जातंय? आमचा चौथा गडी मुलाकडे राहायला गेला. तिघांत पोकर म्हणजे तीन चाकांवर गाडी. तू ये."

"मला पत्ते येत नाहीत, सिस्टर. पोकर तर मुळीच नाही."

"तुझ्या बापाला तरी कुठं येतं? तो पानं न बघता खेळतो. आणि तरी असा बसतो जणू सगळ्यांची पानं त्याच्याच खिशात आहेत. गेल्या वर्षापासून नुसता बुद्ध होऊन बसलाय."

मी हो म्हटलं. खेळायला नाही. ज्या टेबलावर माणसं एकमेकांचे चेहरे वाचतात, तिथं बाबांसमोर बसायला मिळणार होतं म्हणून.

बाबांना सांगितलं तेव्हा ते जरा थांबले. "तुला कशाला त्यात? रविवारी झोप काढावी जरा." मग म्हणाले, "ये बापडी." नाही म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

डाव टेलरकाकांच्या दुकानात मागच्या खोलीत चालायचा. रविवारी दुकान बंद. कापड कापायच्या मोठ्या टेबलावरची कात्री, पट्टी, खडू बाजूला सारले की झाली जागा. भिंतीला अर्धवट शिवलेले कोट टांगलेले, त्यांना बाह्या नाहीत. कोपऱ्यात बिनमुंडक्याचा पुतळा. टेलरकाका म्हणायचे, "हा आमचा पाचवा गडी. चेहराच नाही, त्यामुळे कधी हरत नाही."

पैशानं खेळायचं नाही हा त्यांचा जुना नियम. पैशांऐवजी बटणं. शर्टाचं बटण म्हणजे एक, कोटाचं म्हणजे दहा, आणि ओव्हरकोटाचं काळं मोठं बटण टेबलावर पडलं की सगळे सरसावून बसायचे.

दुसरा नियमही होता, तो मला पहिल्याच दिवशी सिस्टरांनी सुनावला. डाव सोडला त्याला पानं दाखवायला कुणी सांगायचं नाही. का सोडलास, हातात काय होतं, काही विचारायचं नाही. "ज्यानं हात टेकले त्याची अब्रू त्याच्यापाशी. कळलं?"

खेळ सोपा निघाला. प्रत्येकाला दोन पानं पालथी, ती आपली आपण बघायची. मग मध्ये सगळ्यांसाठी तीन पानं उघडायची, मग एक, मग आणखी एक. आपली दोन आणि मधली पाच, त्यातून जो सगळ्यांत चांगली पाच जुळवेल तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर बटणं लावायची, किंवा डाव सोडायचा. बस. पण सिस्टर म्हणाल्या, "हे झालं पत्त्यांचं. पत्ते कुणालाही शिकवता येतात. आता माणसं शिक."

त्या शिकवायच्या आणि मधूनमधून रागवायच्या.

"फेक ती पानं. फेक! दुर्री आणि सत्ती घेऊन कुठं निघालीस? नवशिके प्रत्येक डावात घुसतात. घरात बसून कंटाळलेल्या बाईसारखं करू नकोस."

"पण मी आहेच घरात बसून कंटाळलेली."

"मग दुसऱ्यांकडे बघ. डावात नसताना बघायला मिळतं तेवढं डावात असताना मिळत नाही."

आणि एकदा, "आपली पानं लगेच कशाला उचलतेस? ती काय पळतायत? दुसरे आपली पानं बघत असतात तेव्हा त्यांच्याकडे बघ. तुझी नंतर बघ."

आणि, "मधली पानं उघडली की सगळे येडे पानांकडे बघतात. पानं तिथंच राहणार आहेत. त्या घडीला माणसाचे डोळे बघ. पान आवडलं तर माणूस पटकन आपल्या बटणांकडे बघतो. नाही आवडलं तर पानाकडेच बघत बसतो, जणू ते बदलेल."

टेलरकाकांवर मी पहिला हात चालवला. काका चांगली पानं आली की सुस्कारा सोडायचे. "बघू बुवा, खेळतो कसातरी," असं म्हणून दोन बटणं पुढं सरकवायचे, दुखऱ्या गुडघ्यानं जिना चढावा तशी. आणि हातात काही नसलं की बटण टेबलावर टाणकन आपटायचे. मी एकदा त्यांच्या टाणकन आपटलेल्या काळ्या बटणासमोर माझं काळं बटण ठेवलं, आणि काका पडले.

"अरेरे! पोरगी माणसं खायला लागली!"

"चेहऱ्यावर सगळं लिहून ठेवलंत तर खाणारच," सिस्टर म्हणाल्या. "आणि तू फार हसू नकोस गं. चांगली पानं आली की तू श्वास धरतेस. बाळ झोपलंय आणि दार करकरलं, असा."

खरं होतं. मी घरी जाऊन आरशासमोर बघितलं.

पण बाबा काही हाती लागेनात.

सिस्टरांनी सांगितलं होतं की एका खुणेवर कधी भरवसा ठेवायचा नाही. आधी माणसाची रोजची चाल पाठ करायची. कसा बसतो, कसं बोलतो, हात कुठं ठेवतो. मग त्यात फरक कधी पडतो ते बघायचं. मी बाबांची चाल पाठ करायला बसले. ते नेहमी खिडकीपाशी बसायचे. बटणांवर अंगठा फिरवून न बघता मोजून ठेवायचे. बरेचदा पानं उचलायचेच नाहीत, नुसता तळवा त्यांवर ठेवायचे. कधी उचललीच, तर पान कानाजवळ नेल्यासारखं वर धरायचे आणि तोंड फिरवून भलतीकडे, बाहेर रस्त्याकडे बघत राहायचे.

मला वाटलं, काय धीर आहे! चेहरा वाचता येऊ नये म्हणून चेहराच फिरवून घेतात. मी घरी नवऱ्याला सांगितलंसुद्धा. "बाबांना मानलं पाहिजे. पान हातात आणि नजर खिडकीबाहेर." तो म्हणाला, "मग काय कळलं? ओरखड्याचं?" मी म्हटलं, "थांब की. अजून शिकतेय."

आणि खरं सांगायचं तर मधल्या काळात मी ओरखडा जरा विसरले. रविवारची दुपार माझी झाली होती. चिंगी बापाच्या पोटावर झोपलेली असायची, मी पदर खोचून टेलरकाकांच्या दुकानात पळायची, आणि दोन तास कुणी मला काही भरवायला, पुसायला, शोधून द्यायला सांगत नसे. बाबा समोर बसलेले. लहानपणीही मी त्यांच्यासमोर इतका वेळ कधी बसले नव्हते. ते कायम गाडीवर.

एका शनिवारी चिंगीला न्हाऊ घालत होते. डोक्याला साबण, डोळे गच्च मिटलेले. ती म्हणाली, "आई, मी आजोबांची मदतनीस आहे."

"हो का? काय मदत करतेस?"

"मी रंग सांगते. सिग्नल आला की मी म्हणते लाल, मग आजोबा थांबतात. मी म्हणते हिरवा, मग आजोबा जातात. मी नाही सांगितलं तर गाडी चालतच नाही."

मी हसले. आजोबा-नातीचा खेळ. तिला रंग शिकवत असतील. डोक्यावर पाणी ओतलं, टॉवेलात गुंडाळली, तिच्या ओल्या मानेचा वास घेतला. आणि तिचे केस पुसता पुसता माझा हात थांबला.

सिस्टरांचं एक वाक्य होतं. थाप म्हणजे गोष्ट असते, पोरी. कुणी मोठी थाप मारतोय असं वाटलं की त्याची गोष्ट पहिल्या पानापासून परत ऐक. खरी गोष्ट सगळीकडे जुळते. खोटी फक्त शेवटाला जुळते.

मी परत ऐकली. ओरखडा डाव्या बाजूला. गाडी कडेपासून लांब उभी. मुलं उतरताना बाबा हल्ली त्यांची नावं घेत नाहीत, आधी मूल बोलेपर्यंत थांबतात. मला दारात बघून "कोण? अगं तू," म्हणतात. प्रत्येकाला उत्तर होतं. उन्हाची तिरीप होती, पाणी साचलं होतं, मी विचारात होतो.

पण मी कच्ची होते, आणि समोर बाप होता. उगाच नाही ते दिसायला लागलं असेल, असं स्वतःला सांगितलं. म्हटलं, उद्या रविवार आहे. उद्या नीट बघते.

त्या रविवारी बाबा चहा करायला आत गेले होते. दुकानाच्या मागं छोटी मोरी आणि स्टोव्ह, चहाचं काम बाबांचंच. पानं वाटायची पाळी माझी होती. मी चौघांना वाटली, बाबांची त्यांच्या जागेवर ठेवली, आणि सराव म्हणून मधली तीन पानं एकदा उघडून पाहिली. न बोलता.

टेलरकाका सवयीनं म्हणाले, "इस्पिकची राणी, चौकटची छक्की, बदामची छक्की."

हे रोजचंच होतं. त्या टेबलावर वाटणारा प्रत्येक पान मोठ्यानं बोलून उघडायचा. मी पहिल्यापासून धरून चालले होते, की ते माझ्यासाठी आहे. म्हणून हसून म्हटलं, "काका, आता मला ओळखू येतात पानं. नका बोलू."

सिस्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुझ्यासाठी कोण बोलतंय गं?"

"मग?"

"तुझ्या बापासाठी. त्याला कुठं दिसतात मधली पानं?"

मला वाटतं मी श्वास धरला असेल. सिस्टर माझा चेहरा वाचत होत्या, आणि काय वाचलं ते त्यांना आवडलं नाही. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला माहीत नाही? गेल्या वर्षीच डॉक्टरांनी सांगितलंय. डोळ्याच्या मधलंच गेलं. कडेचं दिसतं थोडं. म्हणून तर तो पान असं बाजूला धरतो. ते परत येत नाही. चष्म्यानंही नाही."

मी हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"आणि माहीत नसायला काय झालं? तूच म्हणे दुसरा ड्रायव्हर शोधून दिलास."

"कुठला दुसरा ड्रायव्हर?"

"व्हॅनवरचा," टेलरकाका म्हणाले. "तो चालवतो आणि हे नुसते शेजारी बसतात ना, मुलांना सांभाळायला. वर्ष झालं."

"काका, शेजारी चिंगी बसते."

काकांनी हातातलं बटण खाली ठेवलं. सिस्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे? तो चालवतो? पोरं घेऊन?"

बाबा आम्हाला तिघांना वर्षभर खेळवत होते. या दोघांना सांगितलं डोळे गेले, पण गाडी सोडली. मला सांगितलं गाडी आहे, डोळ्यांचं काही नाही. अर्धी पानं त्यांच्या हातात, अर्धी माझ्या. आम्ही ती कधी एकमेकांसमोर टाकलीच नव्हती. आणि त्यांनी मला टेबलावर येऊ दिलं होतं, कारण मला येऊ नको म्हणायची थाप त्यांच्याकडे उरली नव्हती.

मागच्या दारात कपांचा किणकिणाट झाला. बाबा ताट घेऊन उभे होते. किती वेळचे, कोण जाणे. चहाच्या वाफेतून त्यांचा चेहरा मला दिसत होता आणि त्यात पहिल्यांदाच काहीतरी वाचता येत होतं. अवघड नव्हतं. भीती कुणालाही वाचता येते.

ते आले. ताट टेबलाच्या कडेला टेकवून मग आत सरकवलं. खुर्ची चाचपून बसले. बोटांनी पानांच्या कडा सरळ केल्या.

"वाटलीत? चला. कोणाची पाळी?"

"बाबा."

"सकाळच्या उजेडात नीट दिसतं गं," ते एकदम म्हणाले. "दुपारी जरा. आणि रस्ता पाठ आहे. त्या रस्त्यावरचा खड्डासुद्धा मला ओळखतो."

"आणि सिग्नल?"

ते पानांच्या कडा परत सरळ करू लागले.

"समोर कुणाचं पोर आलं तर? तेही पाठ आहे?"

"हळू चालवतो. सायकली पुढं जातात माझ्या." मग समजावणीच्या सुरात, लहानपणी औषध पाजताना लावायचे त्या, "हे बघ, महिनाअखेर जाऊ दे. मीच बंद करणार होतो. उद्याचा दिवस तर जाऊ दे. उद्या पोरं तयार होऊन दारात उभी राहतील, त्यांना काय सांगायचं?"

मी मधली इस्पिकची राणी उचलली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. "हे कोणतं पान आहे?"

बाबांनी मान वळवायला सुरुवात केली, खिडकीकडे, तिरकी.

"मान वळवायची नाही. रस्त्यावर वळवायला वेळ मिळतो का? समोर बघा. काय आहे?"

"पोरी," सिस्टर म्हणाल्या, हळू, पण वॉर्डातल्या आवाजात. "पान खाली ठेव. इथं कुणाला दाखवायला लावत नाहीत."

"त्यांनी अजून सोडलेलं नाही, सिस्टर."

बाहेरून एक गाडी गेली, तिच्या आवाजामागं बाबांचं तोंड वळत गेलं. मला कळत होतं की मी काय मागतेय. आई गेल्यानंतर पहिले काही महिने बाबा जेवायला बसायचे आणि ताटाकडे बघत राहायचे. मग सकाळी व्हॅन सुरू व्हायची आणि तो माणूस परत यायचा. मी ते परत येणं काढून घेत होते. माझे डोळे भरून आले आणि मला बरं वाटलं, की त्यांना ते दिसणार नाही. मग कळलं की त्यांना माझ्या श्वासावरून कळलं आहे. वर्षभर ते आम्हाला असंच वाचत होते.

"सकाळी पोरं चढतात ना," बाबा म्हणाले, "तेव्हा प्रत्येक जण आजोबा म्हणतो. उतरली की दिवसभर मला कुणी हाक मारत नाही. रविवारी हे दोघं. एवढंच." थोडं थांबून, "मला वाटायचं, आणखी थोडे दिवस. रोज वाटायचं."

त्यांनी आपली दोन पानं तळव्याखालून पुढं सारली, पालथीच. टेलरकाकांनी ती ओढून गठ्ठ्यात घातली, न बघता. सिस्टरांनी डोळे पुसले आणि चष्मा लावला. नियमाप्रमाणे आता कुणी काही विचारणार नव्हतं. मी उद्या सगळ्या पालकांना काहीतरी सांगितलं असतं. गाडी बिघडली, बाबांना बरं नाही. ते मानानं घरी बसले असते. मी ते बोलूनही टाकलं. "मी सांगते सगळ्यांना. गाडीचं काम निघालंय म्हणते."

"नाही," बाबा म्हणाले. "आणखी एक थाप नको. माझा फोन घे. मी सांगतो तसा लाव."

गाडी ज्या क्रमानं घरं घेत होती, त्याच क्रमानं त्यांनी घरं सांगितली. कोपऱ्यावरची जुळी. मग दवाखान्याच्या वरचा, जो रोज रडत चढतो. मग बेकरीवाल्याची नात. मी नंबर लावायची आणि फोन त्यांच्या हातात द्यायची. ते ताठ बसून बोलायचे.

"मी व्हॅनवाला बोलतोय. तुमच्या मुलाला उद्यापासून मी नेणार नाही. माझी नजर गेलीय. आज नाही, वर्ष झालं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

प्रत्येक वेळी तेच. शब्द बदलले नाहीत, सारवासारव केली नाही. जुळ्यांच्या आईनं फोन ठेवून दिला. एका बापाचा आवाज इतका चढला की टेबलाच्या या टोकाला मला ऐकू येत होता. तो जे बोलत होता त्यातलं काहीच खोटं नव्हतं. बाबा "हो" म्हणत राहिले. "हो. बरोबर आहे. हो." बेकरीवाला म्हातारा मात्र म्हणाला, "कुणी चहा दिलाय का तुम्हाला?" तेव्हा बाबांचा आवाज पहिल्यांदा फुटला.

चहा गार होऊन त्यावर साय धरली. टेलरकाका उठून खिडकीपाशी गेले आणि एका बिनबाह्यांच्या कोटाला उगाच टाके घालत बसले. सिस्टर बाबांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या, नाडी बघितल्यासारख्या.

शेवटी मी म्हटलं, "झाली सगळी घरं, बाबा."

"एक राहिलंय."

"कुठलं?"

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. खुर्ची माझ्या आवाजाकडे वळवली, आणि मान तिरकी केली, अगदी खिडकीकडे. आता मला माहीत होतं, की मला बघायचं तर त्यांना माझ्याकडे बघून चालत नाही.

"मी व्हॅनवाला बोलतोय," ते म्हणाले. "तुमच्या मुलीला उद्यापासून मी नेणार नाही. माझी नजर गेलीय. वर्ष झालं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

मला त्यांना थांबवायचं होतं. जवळ जायचं होतं, डोकं पोटाशी धरायचं होतं. पण ते ताठ बसून वाट बघत होते, प्रत्येक घराची बघितली तशी, आणि त्यांना मुलीचं उत्तर नको होतं. म्हणून मी आईचं दिलं.

"माझी एकुलती एक मुलगी आहे," मी म्हटलं. "रोज सकाळी तुमच्या हातात देताना मी एकदाही मागं वळून बघितलं नाही. इतका विश्वास होता."

"हो," बाबा म्हणाले. "बरोबर आहे."

"मला फार राग आलाय."

"हो."

"उद्या तिला मी चालत नेणार आहे. जरा लांब पडेल." आणि मग म्हटलं, "तुम्ही तयार राहा, बाबा. एक हात ती धरेल, एक मी."

मग त्यांनी विचारलं, "किती वाजता?"